सासूबाईंचा घोडा

नणंदेचा तो व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तव्यावर भाकरी होती. भाकरी करपली. ती मी तशीच ह्यांच्या ताटात वाढली आणि ह्यांनी ती न बोलता खाल्ली, कारण तोवर त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता. बहीण त्यांचीच. व्हिडिओत ती आमच्या केंद्रातल्या एका चाकाच्या खुर्चीवर हात ठेवून उभी होती, डोळे भरलेले, आवाज थोडा घोगरा. ती सांगत होती, "माझी आई या खुर्चीला घोडा म्हणायची. पाय मोडल्यावर ती या घोड्यावर बसून जग बघायची. त्या एका घोड्यापासून हे सगळं काम सुरू झालं."

खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. अशी लेक सगळ्यांना मिळो. ताई, रडवलंत. तुम्ही आईची केवढी सेवा केलीत.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सेवा कोणी केली ते मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, आमच्या बाथरूमच्या फरशीलाही माहीत होतं. पण फरशी काही कॉमेंट करत नाही, आणि ह्यांनी खाली लाल बदाम टाकला होता.

आमचं केंद्र म्हणजे फार काही नाही. चारकोपला आमच्याच गल्लीत एका बैठ्या घराची पुढची खोली होती. तिच्यात चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या, डोक्याकडून वर होणारा एक लोखंडी पलंग आणि कमोडच्या खुर्च्या. ज्याच्या घरी म्हातारं माणूस पडलं, कोणाचं ऑपरेशन झालं, त्याने थोडी अनामत ठेवून वस्तू न्यायची आणि काम झालं की आणून द्यायची. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपल्याकडची रीत. लोक ती खुर्च्यांनाही लावतात. बरं झालेलं माणूस खुर्चीवर नारळ ठेवून पाठवतं, कोणी तांदूळ, कोणी चुरमुऱ्यांची पुडी. माणूस गेलं असेल तर खुर्ची स्वच्छ धुऊन येते आणि तिच्यावर काही नसतं. अशा वेळी आपण काही विचारायचं नाही. चहा टाकायचा, एवढंच.

हे सुरू झालं ते सासूबाईंच्या मोडलेल्या खुब्यापासून. तेवढं नणंद खरं सांगत होती. गिरणीत बॉबिन भरणाऱ्या नवऱ्याचा संसार एका खोलीत केलेली ती बाई, मूळची मालवणकडची, कोणापुढे न वाकणारी. ती पलंगाला खिळली. पाय खाली टेकायचा नाही म्हणून डॉक्टरांनी कमोडची खुर्ची आणायला सांगितली. मी बोरीवली स्टेशनजवळच्या दुकानातून ती रिक्षात घालून आणली. चार पाय, दोन हात, मध्ये भोक आणि खाली पॉट. सासूबाईंनी तिच्याकडे बघून तोंड फिरवलं. ते नाव त्यांच्या तोंडून निघेना. मग दोन दिवसांनी पोटात कळ आल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझो घोडो हाड गो."

मी खुर्ची आणून पलंगाशी लावली. तेव्हापासून तो घोडा. बसताना त्यांना तोल जाण्याची भीती वाटायची. खुर्चीच्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्या माझ्या ओढणीचं टोक मुठीत पकडायच्या आणि म्हणायच्या, हो माझो लगाम. मी समोर पाटावर बसून राहायची, ओढणी ताणलेली, आणि दोघी इकडचं तिकडचं बोलायचो. भावकीतली भांडणं, आंब्याचा मोहर, कोणाच्या सुनेने काय केलं. माझ्या आईशीसुद्धा मी इतकं बोलले नाही. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

नणंद तेव्हा विम्याची कामं करायची आणि नॅशनल पार्कच्या कडेला एका टॉवरमध्ये राहायची. अजूनही तिथेच राहते. रविवारी यायची, येताना संत्री आणायची. फोन मात्र रोज. सासूबाई तिला सांगायच्या, "आज घोड्यार बसलंय गो, काय भिया नाय आता." पुढे घरात चाकाची खुर्ची दिसली आणि तिला वाटलं, हाच तो घोडा. ती खुर्ची खरं तर सहा महिन्यांनी आली, समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी दिली, आणि सासूबाई तिच्यावर जेमतेम देवळापर्यंत गेल्या असतील. पण मी काही बोलले नाही. रविवारी लेक येणार म्हणून सकाळपासून त्यांचं चालायचं, "चेडू येता, घोडो लपव आधी." मी तो खुर्चीचा सांगाडा मागच्या मोरीत नेऊन ठेवायची, वर जुनी चादर. पॉटला फिनेल. खोलीत उदबत्ती. नणंद यायची, नाक उंच करून म्हणायची, वहिनी, तुझं घर नेहमी कसं छान वासाचं असतं ना.

सासूबाई गेल्या आणि मी तो घोडा घासून, उन्हात ठेवून बाजूच्या बाईंना दिला, त्यांच्या सासऱ्यांसाठी. त्यांच्याकडून तो आणखी कोणाकडे गेला आणि फिरून माझ्याकडेच आला. मग लोक आपल्या घरच्या वस्तू आणून देऊ लागले. असं ते केंद्र झालं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायची, निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ त्यातच. तेव्हा नणंद कुठे होती? ती संत्री आणत होती.

खोली ज्यांची होती ते सज्जन गृहस्थ. एवढी वर्षं एक पैसा भाडं घेतलं नाही. पण मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोली हवी झाली. हात जोडून म्हणाले, बाई, दिवाळीपर्यंत बघा काहीतरी. त्यांना काय बोलणार? चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा मिळत होता, पण त्याची अनामत रक्कम ऐकून ह्यांनी पंखा वाढवला. पैसे उभे राहिले नाहीत तर पलंग, खुर्च्या, सगळं भंगारात जाणार होतं आणि ज्यांच्या घरी त्या वस्तू होत्या त्यांनी त्या परत आणायच्या तरी कुठे, हाही प्रश्न होताच.

तर मी आवाहन लिहिलं. केंद्राचं एक पेज होतं, तेही मीच काढलेलं, त्यावर टाकलं. सुरुवात, सप्रेम नमस्कार. मग आमच्या केंद्रात खालील साहित्य उपलब्ध आहे, मग यादी, मग दानशूर व्यक्तींनी सढळ हस्ते सहकार्य करावे ही नम्र विनंती, आणि शेवटी कळावे, लोभ असावा. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती. सोबत सगळ्या वस्तू भिंतीला लावून काढलेला फोटो. तो आवडल्याचं ह्यांनी सांगितलं, कणकवलीच्या माझ्या मावसभावाने सांगितलं, आणि एका अनोळखी माणसाने खाली विचारलं की पलंग विकायचा आहे का.

नणंदेने ते वाचलं आणि फोन केला. "वहिनी, ही पोस्ट आहे की सोसायटीची नोटीस? पाण्याची टाकी धुणार आहेत असं वाटलं मला."

मी म्हटलं, मग तूच लिही. हे मी रागाने म्हटलं होतं. ती खरंच आली.

एका दुपारी येऊन खोलीभर फिरली. प्रत्येक वस्तू कोणाकडे होती, कोण काय म्हणालं, विचारत राहिली. मी साहित्य सांगत होते आणि ती माणसांबद्दल विचारत होती. कमोडच्या खुर्च्यांकडे बघून म्हणाली, या मागे ठेव गं, फ्रेममध्ये नको, लोक स्क्रोल करून पुढे जातील. मग तिने चाकाच्या खुर्च्यांतली एक पुढे ओढली, केसांतून हात फिरवला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणजे तो व्हिडिओ काढलाही मीच. ती घोड्याबद्दल बोलायला लागली तेव्हा माझा हात हलला असणार, पण तिने नंतर ते तेवढं कापलं.

मी तेव्हाच का नाही बोलले? कारण मला वाटलं, हा कोण बघणार आहे? माझं आवाहन जिथे पडून होतं तिथेच हाही जाऊन पडेल.

पडला नाही. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही म्हणतात, ते मी आठवडाभरात बघितलं. वर्गणी गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवर तिने मोहीम उघडली, नाव ठेवलं 'आईचा घोडा'. तिच्या ओळखीच्या कोणीतरी चित्र काढून दिलं, चार पायांच्या जागी चार चाकं असलेला घोडा, गळ्यात घुंगरू. ते चित्र सगळीकडे. ते आमच्या पेजवर, ते आमच्या दारावर. पैसे यायला लागले. पुण्याहून, नाशिकहून, परदेशातल्या मराठी मंडळींकडून. सोबत लोक आपापल्या आयांच्या गोष्टी लिहून पाठवायचे. नणंद प्रत्येकाला उत्तर द्यायची, प्रत्येकाला वेगळं. मी ती उत्तरं वाचायची आणि माझ्या पोटात दुखायचं. हे उगाच अलंकारिक बोलत नाही, खरंच दुखायचं, मी ओवा खायची.

मला राग खोटेपणाचा आला असता तर बरं झालं असतं. खोटेपणाचा राग मानाचा असतो. मला राग आला होता तो तिला जमतं याचा. चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प बसवणारी मी, माझं कोणी ऐकत नव्हतं, आणि ही बाई मोबाइलकडे बघून नाक ओढायची आणि दुबईतला माणूस खिशात हात घालायचा.

मग तिने मनोरीचा व्हिडिओ केला. आमच्या सेक्टरमधल्या एक आजी आमच्याच खुर्चीवर असतात, दोन वर्षं मी त्यांची खुर्ची बदलून देते, चाकांना तेल घालते. त्या माझ्याकडे बघून कधी नीट हसल्यासुद्धा नाहीत. नणंदेने त्यांना खुर्चीसकट मार्व्याच्या धक्क्यावर नेलं, फेरीबोटीत चढवलं आणि पलीकडे मनोरीच्या वाळूत पाण्याच्या काठाला नेऊन बसवलं. लाट येऊन आजींच्या पायाला लागते आणि आजी लहान पोरीसारख्या हसतात, दात नाहीत, तोंड सगळं उघडं. खाली एकच ओळ, घोडा समुद्रावर. त्या व्हिडिओला किती लोकांनी पाहिलं ते सांगायला नणंदेने मला तीनदा फोन केला. वाळूने आणि खाऱ्या पाण्याने बेअरिंगची वाट लागली होती, ती खुर्ची मी गोड्या पाण्याने धुतली, पुसली, ग्रीस भरलं. ग्रीस भरण्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही. काढला असता तरी कोणी पाहिला नसता, आणि हेच मला डाचत होतं.

बाजारात भाजीवालीने मला विचारलं, "तुम्ही त्या घोडेवाल्या ताईंच्या वहिनी ना?" मी त्या दिवशी तिच्याकडून भाजी घेतली नाही. पुढच्या चौकात महाग घेतली.

ह्यांच्याजवळ मी एकदा सगळं ओकले. म्हटलं, तुमच्या आईचा घोडा कुठला होता ते तुम्हाला माहितीय. सांगू का मी लोकांना? पेजवर लिहू का, की लोक ज्याच्यावर रडतायत तो घोडा म्हणजे कमोड? हे पेपर खाली न करता म्हणाले, "लिही. मग लोक म्हणतील फसवलं, आणि दिवाळीला तो पलंग आपल्या बेडरूममध्ये लाव." ह्यांचं बोलणं असंच, वर्षातून दोनदा आणि बरोबर. मी गप्प बसले. कोणी याला मोठेपणा म्हणू नये. गाळा हवा होता म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसून रोज थोडी थोडी जळत होते. मनातल्या मनात मी कितीदा तरी त्या मोरीतली चादर ओढून काढली होती, सगळ्या जगासमोर.

पैसे जमले. गाळा मिळाला. आधी तिथे बादल्यांच्या प्लास्टिकच्या कड्या बनायच्या, त्याचा वास भिंतींत मुरला होता. दसऱ्याला उद्घाटन ठरलं आणि नणंदेने जाहीर केलं की ती ते लाइव्ह दाखवणार, ज्यांनी पैसे दिले त्यांना घरबसल्या बघता यावं म्हणून. मला म्हणाली, तू छान साडी नेस. मी म्हटलं, मी झाडू मारणार आहे.

आदल्या दिवशी सगळं सामान टेम्पोने आलं होतं. दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघीच आधी पोचलो. मी फरशी पुसत होते. ती नवी पैठणी नेसून आली होती, हातात झेंडूचा मोठा हार आणि सासूबाईंचा फ्रेम केलेला फोटो. तिने रांगेतली एक चाकाची खुर्ची ओढून मधोमध आणली, तिच्यावर फोटो ठेवला, हार घातला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "झकास. वहिनी, हीच होती ना गं आईची? की ती निळ्या सीटची? ओरिजिनल घोडा पाहिजे यार, लोकांना तोच बघायचाय."

ती खुर्ची बोरीवलीच्या एका गुजराती कुटुंबाने दिलेली होती, त्यांचे आजोबा गेल्यावर. सासूबाई तिच्यावर कधी बसल्या नव्हत्या, आणि आता फोटोतून तिच्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मला ते सहन झालं नाही. मी फडकं बादलीत टाकलं, मागच्या भिंतीशी गेले, जिथे तिने कमोडच्या खुर्च्या लोकांना दिसू नयेत म्हणून उभ्या करून ठेवल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात जुनी, रंग उडालेली, ओढत आणून तिच्या पैठणीपुढे ठेवली.

"हा घोडा," मी म्हटलं.

ती आधी हसली. तिला वाटलं मी टोमणा मारते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. मी सगळं सांगितलं, सांगताना मजा आली हे लपवत नाही. दुकान, रिक्षा, भिंतीकडे बघून मारलेली हाक. तिने हळू आवाजात विचारलं, मी रविवारी यायचे तेव्हा हा कुठे असायचा? मी म्हटलं, मोरीत, चादरीखाली. त्याच सांगायच्या, चेडू येता, घोडो लपव. उदबत्ती लावायला सांगायच्या.

ती त्या खुर्चीवर बसली. झाकण लावलेलं होतं, पैठणीसकट बसली. मी पुसायला घेतलं.

"म्हणजे मी पाहुणी होते," ती म्हणाली. "माझ्या आईच्या घरात मी पाहुणी, आणि तू पोरगी."

मी फडकं पिळलं.

"मी दर फोनला विचारायचे तिला, मी येऊन राहू का आठ दिवस. काय म्हणायची माहितीय? सून करता सगळा, तू कित्याक धावतंस." मालवणी तिला छान येते, आईचा आवाजच काढला तिने. "फोन ठेवला की मला तुझा इतका राग यायचा ना वहिनी. घरी मी सांगायचे, माझी आई तिने घेतली."

कितीतरी महिने मी या क्षणाची वाट बघितली होती. तो आला तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाटलंही. त्याच्यामागून दुसरं काहीतरी आलं. मी त्या मोरीतल्या कामाचे उपकार इतकी वर्षं मनात धरून ठेवले होते आणि ही बाई त्याच कामासाठी माझा हेवा करत होती. संत्री आणताना करत होती. नाक उंच करून उदबत्तीचा वास घेताना करत होती.

तेवढ्यात खोलीवाले गृहस्थ आले, शेजारणी आल्या, पेढ्यांचा बॉक्स आला. नणंद उठली, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. मोबाइल स्टँडवर लावला. मी मनात म्हटलं, आता ही त्या चाकाच्या खुर्चीपुढे उभी राहणार आणि तेच बोलणार. मला तेच हवं होतं. तिने तेच बोलावं आणि त्या खोट्याचं देणं जन्मभर माझ्या हिशेबात तिच्या नावावर राहावं.

तिने चाकाच्या खुर्चीवरचा हार काढला आणि कमोडच्या खुर्चीला घातला. फोटो उचलून तिच्यावर ठेवला. खोलीवाल्यांनी पेढा तोंडाशी नेलेला हात तसाच धरला. नणंद मोबाइलकडे बघून म्हणाली:

"मी तुम्हाला चुकीचा घोडा दाखवला. आईचा घोडा हा आहे. याला काय म्हणतात ते तुम्हाला माहितीय, आणि घरात याची गरज पडली की आपण सगळे कसे कुजबुजतो तेही. माझी आई माझ्यासमोर यावर कधी बसली नाही, तिला माझी लाज वाटायची. जिची लाज वाटली नाही ती ही. हिने बसवलं, हिने पुसलं, हिने धुतलं. केंद्र हिने काढलं. मी फक्त बोलते."

आणि मोबाइल स्टँडवरून काढून माझ्याकडे वळवला. माझ्या हातात फडकं होतं, साडी खोचलेली, केस सुटलेले.

पडद्यावर कोणीतरी लिहिलं, म्हणजे आधी सांगितलं ते खोटं होतं? ती म्हणाली, "खोटं नव्हतं, मला माहीतच नव्हतं. आज सकाळी कळलं." आणखी एकाने लिहिलं, हे दाखवायची काय गरज होती, सणाच्या दिवशी. मग खाली एका बाईने लिहिलं, माझ्या सासूबाईंना मी रोज बसवते, कोणाला सांगितलेलं नाही. मग तशा बऱ्याच आल्या. आम्ही याला सिंहासन म्हणतो. आमच्याकडे विमान. वहिनींना नमस्कार सांगा. वहिनींना नमस्कार. पडदा भरून माझ्यासाठी नमस्कार येत होते.

इतके दिवस मला हवं होतं ते हेच. आणि तिथे उभी राहून मी काय विचार करत होते? की हेसुद्धा हिने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. माझीच गोष्ट, मी तिला सांगून तास झाला नव्हता, आणि मी ती मोरीतल्या वासासकट रागारागाने सांगितली होती. तिने त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते पैठणीची घडी नीट करता करता ठरवलं. मला आयुष्यभर शिकवलं असतं तरी जमलं नसतं.

सगळे गेल्यावर हार उतरवताना तिने मला विचारलं, "घोडाच का म्हणायची गं ती? दुसरं काही नाही, घोडाच का?"

माझा हात ओढणीकडे गेला असता, पण त्या दिवशी मी साडीत होते. मी म्हटलं, "कोण जाणे. त्यांचं काय, सुचेल ते म्हणायच्या."

दिवाळीच्या आधी गाळ्यावर एक मुलगी आली. नवीन लग्न झालेली असावी, हातातला चुडा अजून उतरला नव्हता. दारात उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत या खुर्चीसाठी येणारं प्रत्येक माणूस असंच उभं राहतं. आधी वॉकर विचारतं, मग कुबड्या विचारतं, मग निघायला वळतं आणि मग हळूच, ते दुसरं पण मिळतं का. हिने तसं काही केलं नाही. म्हणाली, "काकू, घोडा आहे का? चाकांचा नको. खरा."

नणंद टेबलाशी बसून मोबाइलवर कोणालातरी उत्तर लिहीत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. एवढी खूश मी तिला मनोरीच्या व्हिडिओच्या वेळीही पाहिली नव्हती, आणि हे तिच्या कामाचं फळ आहे हे मला कबूल करावं लागलं, मनातल्या मनात, मोठ्याने नाही.

मी मुलीला मागे नेलं. तीच जुनी खुर्ची काढून दिली. पॉट कसा काढायचा, कसा बसवायचा, खाली पेपर टाकायचा म्हणजे फरशी खराब होत नाही, सगळं दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, सासूबाईंसाठी, पडल्या, आणि माझ्याशी धड बोलत नाहीत अजून.

तिच्या गळ्यात ओढणी होती. मी तिचं एक टोक धरून तिच्या हातात दिलं.

"बसताना हे त्यांच्या मुठीत दे," मी हळू आवाजात म्हटलं. "खुर्चीवर भरवसा नसतो त्यांचा. आणि उठून जाऊ नकोस. समोर बस."

तिने मान हलवली. रिक्षावाल्याने खुर्ची मागच्या सीटवर आडवी टाकली आणि ती तिच्या शेजारी अंग चोरून बसली. मी परत आले तेव्हा नणंदेने मोबाइल खाली ठेवला होता.

"काय सांगत होतीस गं तिला एवढं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पॉट कसा धुवायचा ते."